न शिकवलेला बिंदू

चौतीस वर्षं मी गणित शिकवलं आणि मुलांनी माझं नाव ‘पायरीसर’ ठेवलं. उत्तर बरोबर असलं तरी मधली एक पायरी गाळली की मी अर्धा गुण कापायचो. मुलं काकुळतीला यायची, पालक भांडायला यायचे, प्राचार्य समजूत घालायचे, आणि मी आपला ढिम्म. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण जित्याची खोड कुठली जायला. अजूनही कोणी काही सांगताना मधलं गाळलं की मी त्याला अडवतो आणि मागे नेतो. त्यामुळे माझ्याकडे गप्पा मारायला फारसं कोणी येत नाही.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी सून. बायको सात वर्षांपूर्वी गेली आणि मुलगा तीन वर्षांपूर्वी. तो मोटरसायकलवरून कामाला निघाला होता. त्याच्या पुढचं मी सांगत नाही, ही एक पायरी माझी मीच गाळतो. सून तेव्हा एकतीस वर्षांची. तिची थोरली बहीण तिला न्यायला आली होती, सामान बांधायला पेटीही घेऊन आली होती. सून म्हणाली, मी गेले तर बाबांना चहा कोण देईल. मी म्हटलं, चहा मला करता येतो. ती म्हणाली, तुमच्या हातचा चहा मी प्यायलेय बाबा. बहीण रिकामी पेटी घेऊन परत गेली.

सून चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर पट्टीने मोजायचं, काचेवर खूण करायची, नंबर लिहून ती कारागिराकडे द्यायची. साडेनऊला ती जाते आणि सातला येते. मधल्या वेळात मी वर्तमानपत्र तीनदा वाचतो, त्यातलं एकदा छोट्या जाहिरातींसकट. खालच्या मजल्यावर शिंपी आहे, त्याच्या मशीनचा आवाज चालू असला की बरं वाटतं. दुपारी जेवायला तो मशीन थांबवतो तेव्हा घर इतकं गप्प होतं की मी उगाच नळ सोडून बघतो. सात वाजता जिन्यावर तिच्या चपला वाजल्या की माझा दिवस सुरू होतो. हे तिला मी कधी सांगितलेलं नाही. सासऱ्याने सांगायच्या गोष्टी नव्हेत त्या.

गेल्या वर्षाअखेरीस तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला. सांख्यिकी विभागात साहाय्यक भरायचे होते. पदवी हवी, ती तिच्याकडे होती. शंभर गुणांचा गणिताचा पेपर होता, आणि गणित लग्नानंतर तिच्या डोक्यातून पार धुऊन निघालं होतं. नोकरी राजधानीत, रेल्वेने अकरा तास. बहीण तिथेच राहते. मी कागद खालपर्यंत वाचला, राजधानीची ओळही वाचली, आणि म्हटलं, शिकवतो की. खरं सांगायचं तर मला वाटलं, बारा वर्षं गणिताला हात न लावलेली बाई, दोन महिन्यांत कंटाळेल. तोवर रोज सकाळी दीड तास माझ्यासमोर बसेल. मला तेवढंच हवं होतं.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून काळा रंग दिला, खडूची पेटी आणली, आणि सकाळी सहाला आमची शाळा सुरू झाली.

ती कंटाळली नाही. मिलिमीटर मोजणाऱ्या बाईला चूक सहन होत नाही हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. एखादं गणित अडलं तर ती ते दुकानात घेऊन जायची आणि संध्याकाळी जिना चढता चढताच सांगायची, बाबा, सुटलं. चिन्हाची चूक झाली तर स्वतःवरच चिडायची. आणि पायऱ्या, त्या तर अशा लिहायची की अर्धा गुण कापायला जागा नाही. असा विद्यार्थी मला चौतीस वर्षांत मिळाला नव्हता, आणि मिळाला तो माझ्याच स्वयंपाकघरात भाजी चिरत होता. आधी मला अभिमान वाटला. मग हळूहळू मी उरलेले आठवडे मोजायला लागलो, कारण ही पास होणार हे मला फेब्रुवारीतच दिसायला लागलं.

मार्चमध्ये आम्ही क्रांतिक बिंदूंवर आलो. ज्यांचा गणिताशी संबंध तुटलाय त्यांच्यासाठी सांगतो. फलनाचा आलेख म्हणजे कागदावर वरखाली जाणारी एक रेघ. विकलज त्या रेघेचा ठिकठिकाणचा चढ सांगतो. रेघ सगळ्यात उंच कुठे आणि सगळ्यात खोल कुठे हे शोधायचं, तर आधी संशयितांची यादी करावी लागते. त्या संशयितांना क्रांतिक बिंदू म्हणतात, आणि ते दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार, जिथे चढ शून्य होतो, म्हणजे रेघ क्षणभर आडवी पडते. दुसरा प्रकार, जिथे चढ काढताच येत नाही, कारण रेघ तिथे खटकन मोडलेली असते. यादी झाली की त्यात अंतरालाच्या, म्हणजे दिलेल्या टप्प्याच्या, दोन कडा मिळवायच्या, प्रत्येक ठिकाणची किंमत काढायची आणि तुलना करायची. एवढंच आहे.

पहिला प्रकार सगळ्यांना आठवतो. विकलज काढा, शून्य लिहा, सोडवा, पोपटही करेल. दुसरा सगळे विसरतात, आणि पेपर काढणाऱ्यांना ते माहीत असतं. मी पेपर काढायचो तेव्हा दरवर्षी असा एक प्रश्न टाकायचो आणि वर्ग धपाधप कसा पडतो ते बघायचो. सभ्य माणसाला शोभणारी गोष्ट नाही, पण मजा यायची.

सोमवारी सकाळी मी तिला पहिला प्रकार शिकवला. दुसरा मंगळवारी शिकवायचं ठरलेलं होतं, म्हणजे माझ्या मनात ठरलेलं होतं, तिला तो आहे हेच माहीत नव्हतं. त्या सोमवारी संध्याकाळी ती दुकानातून आली ती हसतच. बहिणीचा फोन आला होता. बहिणीने एक खोली बघून ठेवली होती, कचेरीपासून चालत दहा मिनिटं. खिडकी पूर्वेला, भिंतीत पुस्तकांचं फडताळ, घरमालकीण भली. पास होण्याआधीच कुठे खोली बघतात, असं म्हणत ती स्वतःच खोलीचं वर्णन दुसऱ्यांदा करत होती. तीन वर्षांत तिला असं भरभरून बोलताना मी पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडे लक्ष जाऊन म्हणाली, मी सुट्टीला येत जाईन ना बाबा.

मी छान छान म्हटलं. पण ‘सुट्टीला’ हा शब्द डोक्यातून जाईना. अंथरुणावर पडल्या पडल्या मी हिशेब केला. वर्षातून दोन सुट्ट्या, दहा-दहा दिवसांच्या. उरले तीनशे पंचेचाळीस दिवस. हे उत्तर मी तीनदा तपासून पाहिलं, आणि तिन्ही वेळा ते बरोबरच आलं.

मंगळवारी सकाळी मी उदाहरणं घातली ती सगळी पहिल्या प्रकारची. तिने भराभर सोडवली. घड्याळात सात व्हायला दहा मिनिटं होती. तिने पेन ठेवून विचारलं, “झालं एवढंच?”

“एवढंच,” मी म्हटलं.

आता कोणी म्हणेल, एका प्रश्नाने काय होतं. सहा गुणांचा प्रश्न असतो तो. पण त्या परीक्षेत सहा गुणांच्या अंतरात शे-दोनशे माणसं दाटीवाटीने उभी असतात, हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर गाळायला मी तोच निवडला. बाकी सगळं मी जीव तोडून शिकवलं. पुढचे तीन आठवडे इतकं छान शिकवलं की माझ्या मनाला जरा बरं वाटायला लागलं, जसं काही ताटातलं एक वाढलं नाही तर बाकीचं जास्त वाढून भरपाई होते.

परीक्षेला अठरा दिवस राहिले असताना तिने सरावाच्या पेपरांचं एक पुस्तक आणलं. मागे उत्तरं होती, नुसती उत्तरं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही आणि पुस्तक घेऊन माझ्यासमोर आली. क्ष-वर्गाचं घनमूळ, उणे एकपासून आठपर्यंत, लहानात लहान किंमत काढा. तिने मी शिकवल्याप्रमाणे विकलज काढला होता. तो कुठेच शून्य होत नव्हता. म्हणून तिने यादीत फक्त दोन कडा घेतल्या. उणे एकला किंमत एक, आठला किंमत चार. लहानात लहान एक. पुस्तकात उत्तर होतं शून्य.

मी म्हणालो, छपाईची चूक असेल. असल्या पुस्तकांत चुका पोत्याने असतात.

ती म्हणाली, “पण बाबा, क्षच्या जागी शून्य टाकलं तर किंमत शून्यच येते. ती एकापेक्षा कमी आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

मी वहीत बघत राहिलो. तिच्या सरळ, स्वच्छ पायऱ्या, एकीतही चूक नाही. चूक होती ती त्या पायऱ्यांच्या आधी, माझ्यात. खरं बोलायची ती वेळ होती. त्याऐवजी मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, अरेच्चा, राहून गेलं गं. वय झालं आता. विसरलोच मी. उद्या सांगतो.

तिने पुस्तक मिटलं, आणि माझ्याकडे बघितलं ते जरा जास्त वेळ.

दुसऱ्या दिवशी मी ‘उद्या सांगतो’ म्हटलेलं सोयीस्करपणे बाजूला ठेवलं आणि वेगळाच धडा सुरू केला. ती वाट बघत होती हे मला कळत होतं. तिने दोनदा आठवण द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, सुटलो. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण मी इतका निर्ढावलेला चोर होतो की मला अंधार अंधारच वाटत होता.

त्यानंतर घरात बारीकसारीक बदल व्हायला लागले. ती दुपारी दुकानातून फोन करायला लागली, जेवलात का म्हणून. माझ्या गोळ्यांच्या डबीवर तिने वारांची नावं लिहिली. एकदा मी चष्मा शोधत होतो, शोधत कसला, उशीखालून काढतच होतो, तर ती धावत आली आणि माझा हात धरून म्हणाली, असू दे बाबा, मी देते. खालच्या शिंप्यालाही तिने काहीतरी सांगितलं असणार. तो एका दुपारी मशीन थांबवून वर आला आणि म्हणाला, गॅस बंद आहे ना काका. मी त्याला म्हटलं, तुझी इस्त्री बंद आहे का ते आधी बघ.

परीक्षेला दहा दिवस उरले तेव्हा एका संध्याकाळी ती जेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाली, “या वर्षी परीक्षेला बसत नाही मी. तयारी कच्ची आहे. पुढच्या वर्षी बघू.”

तयारी कच्ची नव्हती. मी म्हणालो, अगं पण एवढा अभ्यास केलास. ती म्हणाली, तो कुठे वाया जातोय. आणि खोली? बहिणीला सांगितलं, सोड म्हणून. हे सगळं ती पाणी ओतता ओतता बोलली, माझ्याकडे न बघता.

लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. त्या संध्याकाळी मी दोन घास जास्त जेवलो. ती भांडी घासत होती आणि मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तिला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगत होतो, एकही पायरी न गाळता. तिने सगळी ऐकून घेतली. सवयीने हसायच्या जागी हसलीसुद्धा. मग हात पुसत म्हणाली, उद्या दुकानात उशिरा जाणार आहे, आपल्याला एकीकडे जायचंय.

एकीकडे म्हणजे डॉक्टरांकडे. तिथे जाईपर्यंत तिने मला सांगितलं नाही, आणि पाटी वाचली तेव्हा मी दारातच थांबलो. पाटीवर लिहिलं होतं, मेंदू व स्मृतिविकार.

आत एक डॉक्टरीणबाई होत्या, चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी सुनेला विचारलं, काय काय विसरतात? किल्ल्या, नावं, रस्ता? सून म्हणाली, नाही, तसलं काही नाही. मग? सून जरा अडखळली. म्हणाली, “गणितातली एक गोष्ट.”

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, गणित तर मीही विसरले, परीक्षा संपल्या त्याच दिवशी.

सून हसली नाही. “तुम्ही ह्यांना ओळखत नाही,” ती म्हणाली. “ह्यांनी चौतीस वर्षं ते शिकवलंय. जेवण विसरतील, स्वतःचं नाव विसरतील, पण मधली पायरी विसरणार नाहीत. आणि विसरले. मग सांगतो म्हणाले, तेही विसरले. ते विसरले म्हणजे काहीतरी फार…” तिने पर्समधून रुमाल काढला.

तेव्हा मला सगळं कळलं. तयारी कच्ची का, खोली का सोडली, डबीवर वारांची नावं कशाला. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि ते तिने मला दयेपोटी दिलं होतं. मी लबाडी केली असेल ही शक्यता तिच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. माझा मेंदू सडला असेल हे तिला पटत होतं, मी खोटं बोललो असेन हे नव्हे.

डॉक्टरीणबाईंनी तपासणी सुरू केली. आजचा वार, महिना, आपण कितव्या मजल्यावर आहोत. मग तीन शब्द लक्षात ठेवा म्हणाल्या, किल्ली, नदी, टोपी. मग एक गोल देऊन घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं. मी काढलं, काट्यांतला कोनसुद्धा बरोबर. मग म्हणाल्या, आता शंभरातून सात वजा करा, जे येईल त्यातून पुन्हा सात, असं करत जा.

चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला सात वजा करायला सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला बादलीत उतरवणं. एरवी मी त्या बाईंना दोन शब्द सुनावले असते. पण मला एकदम सुचलं की इथेच सगळं ठरतंय. एक उत्तर चुकवायचं. फक्त एक. मग ती कायमची राहील, पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही. सात वाजता चपला वाजत राहतील. कोणाला कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“त्र्याण्णव,” मी म्हटलं. “शहाऐंशी. एकोणऐंशी.”

आणि थांबलो. एक्काहत्तर म्हणायचं मी ठरवलं होतं. एकाने चुकायचं, म्हाताऱ्याला शोभेल असं. जीभ त्या शब्दापर्यंत गेलीही होती. तेवढ्यात माझं लक्ष सुनेकडे गेलं. ती खुर्चीच्या कडेवर आली होती. रुमाल मुठीत धरला होता, डोळे माझ्यावर होते, आणि तिचे ओठ हलत होते. आवाज न करता ती मला उत्तर सांगत होती. बहात्तर. बहात्तर. परीक्षेत मागच्या बाकावरचं पोर पुढच्याला सांगतं तसं. मी पास व्हावं म्हणून ती कॉपी पुरवत होती, ज्या माणसाने तिला नापास करायचं ठरवलं होतं त्याला.

“बहात्तर,” मी म्हटलं. “पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस, सदतीस, तीस, तेवीस, सोळा, नऊ, दोन. पुढे ऋण संख्या येतात, त्याही सांगू का?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरे पुरे. आणि ते तीन शब्द? “किल्ली, नदी, टोपी.” त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सुनेला म्हणाल्या, “ह्यांची स्मृती माझ्यापेक्षा चांगली आहे. मग ते गणितातलं कसं विसरले बुवा?”

सुनेला इतकं हायसं वाटलं की मला ते बघवेना. ती हसतच माझ्याकडे वळली. त्या हसण्याकडे बघत मी बोललो.

“विसरलो नव्हतो,” मी म्हटलं. “मी ते शिकवलंच नाही.”

“म्हणजे?”

“दुसरा प्रकार आहे. मला माहीत होता. पेपरात येतो हेही माहीत होतं. तू खोलीचं सांगितलंस, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो गाळला.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम. तू गेलीस तर मी एकटा पडेन म्हणून.”

मग डॉक्टरीणबाईंनी पुढचा कागद ओढला आणि हळू आवाजात म्हणाल्या, हे तुमचं तुम्ही घरी बोला, बाहेर पेशंट बसलेत. त्यांचं बरोबरच होतं. माझ्या रोगावर त्यांच्याकडे गोळी नव्हती.

घरी आम्ही चालत आलो. बाहेर पडलो की सून नेहमी माझ्या चालीने चालते, दर दहा पावलांवर थोडी रेंगाळते, मला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून दुकानांच्या काचांत बघितल्यासारखं करते. त्या दिवशी ती कुठेच रेंगाळली नाही. ती पुढे आणि मी मागे, मध्ये दहा-बारा माणसं. वाटेत वाचनालय लागलं, तिथे ती न सांगता वळली. मी पायरीवर उभा राहिलो. मला वाटत होतं की तिने रडावं, ओरडावं, काहीही बोलावं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कॉलेजचं एक जाडजूड गणिताचं पुस्तक होतं.

घरी आल्यावर तिने आधी बहिणीला फोन केला. परीक्षेला बसतेय, एवढंच म्हणाली, आणि खोली गेली असेल तर दुसरी बघ. मग दुकानात कळवलं, आज येत नाही. मग हात धुतले, कपाटाचं दार उघडलं आणि खडू माझ्यापुढे धरला.

“शिकवा,” ती म्हणाली.

मी शिकवलं. क्ष-वर्गाच्या घनमुळाचा आलेख काढला. डावीकडून रेघ खाली कोसळत येते, शून्याला टेकते आणि तिथूनच सरळ वर निघते. बघ, इथे आडवी होतच नाही, इथे चढ विचारलास तर डावी बाजू एक सांगते आणि उजवी दुसरंच, म्हणून विकलज इथे मिळत नाही, आणि म्हणूनच हा बिंदू यादीत घ्यायचा. मोडलेल्या रेघांची आणखी उदाहरणं घातली. कुठे मोडते, का मोडते, छेदात शून्य आलं की कसं ओळखायचं, आणि मोडलेली प्रत्येक जागा सगळ्यात उंच किंवा खोल असतेच असं नाही, हेही. इतकं नीट मी आयुष्यात कधी शिकवलं नसेल.

ती लिहून घेत होती. वाचनालयातलं पुस्तक तिने शेजारी उघडून ठेवलं होतं, त्याच धड्यावर, आणि मी एक वाक्य बोललो की तिचं बोट पुस्तकातल्या एका ओळीवरून फिरत होतं. मी ते पाहिलं आणि पुढे बोलत राहिलो.

मग तिने तीन गणितं सोडवली. तिन्ही बरोबर. मी म्हटलं, बरोबर आहेत. तिने मान हलवली. दवाखान्यातून निघाल्यापासून तिने मला एकदाही बाबा म्हटलं नव्हतं. एरवी तिच्या दर तिसऱ्या वाक्यात तो शब्द असतो.

“आणखी काय काय गाळलंय?” तिने विचारलं.

“काही नाही गं. एवढंच.”

तोंडातून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. त्या मंगळवारी मी तिला हेच म्हणालो होतो.

ती रागावली नाही. डिसेंबरपासूनच्या साडेतीन महिन्यांच्या वह्या तिने टेबलावर आणून एकावर एक रचल्या, सगळ्यात खालची काढून पहिलं पान उघडलं आणि पुस्तकाचंही पहिलं पान उघडलं. मग एकेक ओळ लावून बघायला तिने सुरुवात केली. मी समोरच बसलो होतो. कुठे अडलं की ती पुस्तकात बघत होती.